तिहेरी मुकुट आणि गोव्याचा फुटबॉल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुटबॉलचा हंगाम संपत आला की फातोर्ड्याच्या स्टेडियमच्या गेटबाहेर, फोंड्याच्या बाजारात, डिचोलीच्या बसस्टँडवर एक वाद हमखास रंगतो: अमक्या क्लबने तीन करंडक जिंकले, मग तो तिहेरी मुकुट धरायचा की नाही? या वादात नेहमी येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझं म्हणणं साधं आहे. मोजायचा नियम एकच असावा, आणि तो बार्सिलोनाला लावतो तसाच दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या क्लबलाही लावावा.

तिहेरी मुकुट म्हणजे नेमकं काय?

एकाच संघाने एकाच हंगामात तीन मोठ्या स्पर्धा जिंकणं. युरोपातल्या फुटबॉलमध्ये या तीन स्पर्धा ठरलेल्या आहेत: देशाची साखळी स्पर्धा म्हणजे लीग, देशाची मुख्य बाद पद्धतीची स्पर्धा म्हणजे कप, आणि सगळ्या खंडाची सर्वोच्च स्पर्धा, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग. यालाच ट्रेबल म्हणतात. तिन्ही स्पर्धा देशांतर्गत असतील तर ते देशांतर्गत ट्रेबल. तेही मोठं यश आहे, पण त्याची नोंद वेगळी ठेवतात.

त्यासाठी वेगळा करंडक मिळतो का?

नाही. तीन स्पर्धांचे तीन करंडक मिळतात, चौथा कुणी देत नाही. ना फिफा देते, ना युरोपची संघटना, ना आपला अखिल भारतीय फुटबॉल महासंघ. हा मान लोकांनी, वार्ताहरांनी आणि क्लबच्या इतिहासकारांनी मोजून मोजून रुजवला आहे. म्हणून तर त्यावर इतके वाद होतात.

रग्बीत थोडं निराळं आहे. इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स या चौघांपैकी जो इतर तिघांना हरवेल त्याला ट्रिपल क्राउन मिळतो. ही परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची, पण हातात धरता येईल असा चषक आला तो २००६ मध्ये, आणि पहिल्यांदा तो आयर्लंडने उचलला. त्याआधी जिंकणाऱ्यांना फक्त नाव मिळायचं.

युरोपात हे कोणाकोणाला जमलं आहे?

पुरुषांच्या फुटबॉलमध्ये २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत नऊ क्लबांना: सेल्टिक (१९६७), आयाक्स (१९७२), पीएसव्ही आइंडहोवन (१९८८), मँचेस्टर युनायटेड (१९९९), बार्सिलोना (२००९ आणि २०१५), इंटर मिलान (२०१०), बायर्न म्युनिक (२०१३ आणि २०२०), मँचेस्टर सिटी (२०२३) आणि पॅरिस सेंट-जर्मेन (२०२५). दोनदा जमलं ते फक्त बार्सिलोना आणि बायर्नला.

या यादीत मला सगळ्यात प्रिय सेल्टिकचा संघ. त्या वर्षी त्यांनी स्कॉटलंडचा लीग कपही जिंकला होता, आणि संघातला प्रत्येक खेळाडू ग्लासगोतल्या त्यांच्या मैदानापासून सुमारे ३० मैलांच्या आत जन्मलेला. आपल्याच मुलखातली पोरं घेऊन युरोप जिंकणं म्हणजे काय, हे गोव्याच्या क्लबांची परंपरा पाहिलेल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

मँचेस्टर युनायटेडचं १९९९ सालच सगळे का आठवतात?

ते सगळं दहा-अकरा दिवसांत घडलं म्हणून. १६ मे रोजी टॉटनहॅमला २-१ हरवून लीग, २२ मे रोजी न्यूकॅसलला २-० हरवून एफए कप म्हणजे इंग्लंडचा मुख्य कप, आणि २६ मे रोजी बार्सिलोनातल्या कॅम्प नू मैदानावर चॅम्पियन्स लीगचा बायर्नविरुद्धचा अंतिम सामना. तिथे ९० मिनिटं संपली तेव्हा युनायटेड ०-१ मागे होतं. रॉय कीन आणि पॉल स्कोल्स हे मधल्या फळीचे दोन्ही खांब निलंबनामुळे बाहेर बसलेले. मग भरपाई वेळेत आधी शेरिंगहॅम, नंतर सोल्स्कयार, दोन गोल. दोघेही बदली खेळाडू म्हणून उतरले होते.

पण तो मुकुट त्या रात्रीच्या बराच आधी निसटला असता. एप्रिलमध्ये एफए कपच्या उपांत्य फेरीत आर्सेनलविरुद्धचा सामना पुन्हा खेळवावा लागला होता. बरोबरी असताना शेवटच्या क्षणी आर्सेनलला पेनल्टी मिळाली. युनायटेडचा गोलरक्षक श्मायकेलने बर्गकॅम्पचा तो फटका अडवला आणि जादा वेळेत गिग्जने अख्खा बचाव भेदून गोल केला. तो फटका आत गेला असता तर आज आपण या संघाला दोन करंडकांचा संघ म्हणून ओळखलं असतं.

पोर्तुगालच्या क्लबांचं काय? आमच्या घरातले वडीलधारे बेनफिकाचंच नाव घेतात.

गोव्यातल्या कित्येक घरांत बेनफिका आणि स्पोर्टिंग ही नावं आजही जिव्हाळ्याने घेतली जातात, त्यामुळे हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर थोडं दुखवणारं आहे: युरोपचा सर्वोच्च चषक धरून पूर्ण ट्रेबल एकाही पोर्तुगीज क्लबला मिळालेलं नाही.

जवळ मात्र ते वारंवार गेले. बेनफिकाने १९६१ मध्ये लीग आणि युरोपियन कप (चॅम्पियन्स लीगचं जुनं नाव) जिंकला, देशाचा कप राहिला. पुढच्याच वर्षी देशाचा कप आणि युरोपियन कप मिळाला, पण लीग स्पोर्टिंगने नेली. १९८८ मध्ये पीएसव्हीचं ट्रेबल पूर्ण झालं ते अंतिम सामन्यात बेनफिकालाच पेनल्टींवर हरवून. सर्वात चटका लावणारं साल पोर्तोचं. २००४ मध्ये प्रशिक्षक मोरिन्योच्या संघाने लीग जिंकली, चॅम्पियन्स लीग जिंकली, आणि देशाच्या कपचा अंतिम सामना ते बेनफिकाकडून १-२ हरले. फक्त एक सामना. तेच मोरिन्यो २०१० मध्ये इंटरबरोबर तिन्ही करंडक घेऊन गेले.

बेनफिकाने २०१४ मध्ये लीग, कप आणि लीग कप जिंकला. ते देशांतर्गत ट्रेबल, पोर्तुगालमधलं पहिलं.

भारतात तीन स्पर्धा कोणत्या धरायच्या?

इथेच खरी गुंतागुंत आहे, कारण आपल्याकडच्या मोठ्या स्पर्धा दर पिढीला बदलत गेल्या.

देशभरची लीग नव्हती तेव्हा मान होता तीन बाद स्पर्धांना: ड्युरँड कप (१८८८ पासून), मुंबईचा रोव्हर्स कप (१८९१ पासून) आणि कोलकात्याची आयएफए शिल्ड (१८९३ पासून). जुन्या जाणत्यांचा तिहेरी मुकुट तो हाच. फेडरेशन कप १९७७ मध्ये आला. राष्ट्रीय लीग १९९६-९७ मध्ये सुरू झाली, तिचीच पुढे २००७-०८ मध्ये आय-लीग झाली. त्या काळात लीग, फेडरेशन कप आणि ड्युरँड हे तीन करंडक सर्वात वजनदार. आता इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) काळात चार मान आहेत: साखळीत अव्वल येणाऱ्याला लीग विनर्स शिल्ड, साखळीनंतरच्या बाद फेऱ्या म्हणजे प्लेऑफ जिंकणाऱ्याला आयएसएल कप, शिवाय सुपर कप आणि ड्युरँड.

माझा नियम असा: ज्या काळाबद्दल बोलतो, त्या काळी खेळाडू आणि प्रेक्षक ज्या तीन स्पर्धांना सर्वात मोठं मानत होते त्याच धरायच्या. आजचा तराजू १९७७ ला लावायचा नाही.

मग कोणत्या भारतीय क्लबने तो मिळवला?

मोहन बागानने १९७७ मध्ये आयएफए शिल्ड, ड्युरँड आणि रोव्हर्स तिन्ही जिंकले. ईस्ट बंगालने १९९० मध्ये तेच केलं. ईस्ट बंगालचे चाहते १९७२ सालही पुढे करतात. त्या वर्षी त्यांच्याकडे शिल्ड आणि ड्युरँड होतं, रोव्हर्स मात्र मोहन बागानबरोबर विभागून मिळालं होतं.

आयएसएलच्या काळात चारपैकी तीन मान एकाच हंगामात मिळवणं आजवर कुणालाच जमलेलं नाही. बंगळुरू एफसी २०२२-२३ मध्ये ड्युरँड, आयएसएल कप आणि सुपर कप या तिन्हींच्या अंतिम फेरीत पोचला आणि त्यातला फक्त ड्युरँड त्यांना मिळाला. सुपर कप त्यांच्या हातून घेतला ओडिशाने, आणि ओडिशाचे तेव्हाचे प्रशिक्षक होते आपले गोव्याचे क्लिफर्ड मिरांडा. त्या निकालाचा इथे किती आनंद झाला होता हे सांगायला नको.

विभागून मिळालेलं विजेतेपद धरायचं का?

धरायचं, पण "संयुक्त" हा शब्द गाळायचा नाही. गोव्याने संतोष करंडक, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, पहिल्यांदा जिंकला तो १९८२-८३ मध्ये, बंगालबरोबर संयुक्त. पुढच्याच वर्षी, १९८३-८४ मध्ये, तो एकट्याने जिंकला. ती गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकरांची पिढी. पहिलं विजेतेपद संयुक्त म्हटल्याने त्याची किंमत कमी होत नाही, आणि दुसऱ्याचं तेज आपोआप दिसतं.

गोव्याच्या एखाद्या क्लबने तिहेरी मुकुट जिंकला आहे का?

एका हंगामात, तिन्ही मोठे करंडक, असा काटेकोर हिशेब लावला तर नाही. हे उत्तर देताना मला वाईट वाटतं, कारण मागची कहाणी फार मोठी आहे.

२००६-०७ ते २०१२-१३ असे सलग सात हंगाम देशाचं लीग विजेतेपद गोव्यातच राहिलं. धेंपो, पुन्हा धेंपो, चर्चिल ब्रदर्स, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. त्याआधीचं २००४-०५ सालही धेंपोचंच. कोलकात्याच्या मोठ्या क्लबांना या सात वर्षांत एकदाही लीग मिळाली नाही. एवढ्याशा राज्याने हे केलं, आणि आजच्या शाळकरी मुलांना ही यादी पाठ नाही याची मला खंत आहे.

या काळात एका हंगामात दोन करंडक अनेकदा आले. धेंपोने २००४-०५ मध्ये फेडरेशन कप आणि राष्ट्रीय लीग घेतली, ड्युरँड ईस्ट बंगालकडे गेला. २००६-०७ मध्ये ड्युरँड आणि लीग घेतली, फेडरेशन कप मोहन बागानकडे गेला. दोन्ही वेळा प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. दोन वेळा दोन-तृतीयांश मुकुट डोक्यावर आणि उरलेला तिसरा भाग दोन्ही वेळा कोलकात्याला!

साळगावकरचं २०११ साल असंच. मे महिन्यात करीम बेंचेरिफांच्या संघाने आय-लीग जिंकली, सप्टेंबरमध्ये कोलकात्यात ईस्ट बंगालला ३-१ हरवून फेडरेशन कप आणला. त्या वर्षीचा ड्युरँडही गोव्यातच आला, पण चर्चिल ब्रदर्सकडे. म्हणजे २०११ मध्ये तिन्ही करंडक गोव्यात होते, फक्त ते दोन कपाटांत.

चर्चिल ब्रदर्सचं २००९ साल मोजायचं की नाही?

हा प्रश्न मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

२००९ या एका वर्षात चर्चिल ब्रदर्सने आय-लीग, आयएफए शिल्ड आणि ड्युरँड कप जिंकला. ओडाफा ओकोली तेव्हा भरात होता. त्या आय-लीगचा सर्वाधिक गोल करणारा तोच, आणि सलग तिसऱ्या हंगामात तो मान त्याच्याकडे होता. अडचण एवढीच की आय-लीग होती २००८-०९ च्या हंगामाची, ड्युरँड आला तो नवीन हंगाम उघडल्यावर. काटेकोर नियमाने हा तिहेरी मुकुट होत नाही, आणि मी तो तसा म्हणत नाही.

पण आता त्याच वर्षीच्या बार्सिलोनाकडे पाहा. त्यांनी उन्हाळ्यापर्यंत लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग जिंकली, हे निर्विवाद ट्रेबल. मग ऑगस्टमध्ये स्पेनचा सुपर कप आणि युरोपचा सुपर कप, आणि डिसेंबरमध्ये अबू धाबीत क्लब विश्वचषक. या सगळ्यांना मिळून जग "एका वर्षात सहा करंडक" म्हणून गौरवतं. ते सहा करंडकही दोन हंगामांत विभागलेले आहेत. कुणी हरकत घेत नाही, कारण "कॅलेंडर वर्षात" असं स्पष्ट म्हटलेलं असतं.

तोच न्याय इथे लावा. "२००९ या कॅलेंडर वर्षात तीन राष्ट्रीय करंडक" असं चर्चिलच्या नावापुढे लिहायला हवं, शब्द न चोरता आणि शब्द न वाढवता. सासष्टीतल्या क्लबने देशातले तीन करंडक बारा महिन्यांच्या आत घरी आणले, ही गोष्ट तळटीपेत ढकलण्यासारखी नाही.

एफसी गोवाला हे जमेल का?

या क्लबकडे सध्याच्या चारपैकी तीन मान आलेले आहेत, फक्त वेगवेगळ्या हंगामांत. २०१९ मध्ये सुपर कप, २०१९-२० मध्ये लीग विनर्स शिल्ड (आणि ती ढाल पटकावणारा हा पहिलाच क्लब), २०२१ मध्ये ड्युरँड, २०२५ मध्ये पुन्हा सुपर कप. आयएसएल कप मात्र हुलकावणी देतोय. २०१५ चा अंतिम सामना फातोर्ड्यातच चेन्नईयिनविरुद्ध २-३ असा गेला, २०१९ चा बंगळुरूविरुद्ध जादा वेळेत ०-१.

२०१९-२० चा संघ माझ्या मते आयएसएलमध्ये गोव्याने उतरवलेला सर्वोत्तम संघ. साखळीत १८ सामन्यांत ३९ गुण, शेवटच्या साखळी सामन्यात जमशेदपूरला ५-०. आणि मग उपांत्य फेरीत चेन्नईत १-४ असा एक वाईट दिवस. फातोर्ड्यात ४-२ जिंकूनही दोन्ही सामने मिळून ५-६. कप हा असा निर्दय असतो. चार महिने तुम्ही सर्वोत्तम असता आणि दीड तासात सगळं संपतं.

आयएसएलमधली पहिली दुहेरी कामगिरी गोव्यात झाली हे खरं का?

खरं. साथीच्या काळात २०२०-२१ चा पूर्ण हंगाम गोव्यातच बंद दाराआड खेळवला गेला. मुंबई सिटीने शिल्ड आणि कप दोन्ही घेतले, अंतिम सामना फातोर्ड्यात. प्रशिक्षक होते सर्जिओ लोबेरा, जे आदल्या हंगामात गोव्याचे होते. त्या संघात आपला मंदार राव देसाईही होता.

हे इतकं अवघड का असतं?

लीग आणि कप या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. लीगमध्ये सातत्य लागतं, एखादा पराभव पचतो. कपमध्ये एक पराभव म्हणजे घरचा रस्ता. एकाच संघाकडे दोन्ही स्वभाव असावे लागतात. त्यात दुखापती, पिवळी कार्डं, प्रवास. शेवटच्या महिन्यात तीन दिवसांआड सामना येतो आणि प्रशिक्षकाला ठरवावं लागतं की कुणाला कुठे बसवायचं.

भारतात आणखी एक कारण आहे. ड्युरँड बहुधा हंगामाच्या तोंडावर येतो. परदेशी खेळाडू दाखल झालेले नसतात, सराव अर्धवट असतो, म्हणून अनेक क्लब तिथे राखीव किंवा तरुण संघ पाठवतात. तरुणांना संधी मिळते हे चांगलंच. पण ज्या क्लबला तिहेरी मुकुट हवा आहे, त्याने ड्युरँडला सरावाची स्पर्धा समजणं सोडायला हवं.

असं यश मिळवणाऱ्यांना सरकारी पुरस्कार मिळतो का?

आपोआप नाही. अर्जुन, द्रोणाचार्य, खेलरत्न हे पुरस्कार व्यक्तीला मिळतात, संघाला नव्हे, आणि ते कित्येक वर्षांच्या कामगिरीवर ठरतात. ब्रह्मानंद शंखवाळकर यांना अर्जुन मिळाला १९९७ मध्ये आणि पद्मश्री २०२२ मध्ये, खेळणं थांबवून कित्येक वर्षं झाल्यावर. गोव्याचेच फुटबॉलपटू ब्रुनो कुतिन्होंना अर्जुन २००१ मध्ये. धेंपोला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणाऱ्या आर्मांदो कुलासोंना द्रोणाचार्य मिळाला तो २०२४ च्या पुरस्कारांत. धेंपोचं शेवटचं विजेतेपद २०१२ चं. उशीर झाला, पण झाला हे बरं झालं. राज्य पातळीवर जिवबादादा केरकर यांच्या नावाचा गोवा सरकारचा क्रीडा पुरस्कार आहे; पेडणे तालुक्यातल्या केरीच्या या सेनानीचं नाव खेळाडूंच्या गौरवाला दिलं आहे, हे मला फार योग्य वाटतं.

धोनीच्या तीन आयसीसी ट्रॉफी हा तिहेरी मुकुट आहे का?

२००७ चा टी-ट्वेंटी विश्वचषक, २०११ चा एकदिवसीय विश्वचषक आणि २०१३ ची चॅम्पियन्स ट्रॉफी. मर्यादित षटकांच्या या तिन्ही स्पर्धा जिंकणारा तो एकमेव कर्णधार. हा कारकिर्दीचा तिहेरी मुकुट झाला, हंगामाचा नव्हे. मोटार शर्यतींतही तसंच: मोनॅको ग्रां प्री, इंडियानापोलिस ५०० आणि ल मॉन्सची २४ तासांची शर्यत, तिन्ही जिंकणारा आजवर एकटा ग्रॅहम हिल.

आणि बुद्धिबळात?

२०२५ मध्ये बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात झाल्यापासून हा प्रश्न वाढला आहे. बुद्धिबळातला तिहेरी मान म्हणजे पारंपरिक, जलद आणि अतिजलद या तिन्ही प्रकारांचं जगज्जेतेपद एकाच वेळी हाती असणं. मॅग्नस कार्लसनने २०१४ मध्ये ते केलं आणि पुढेही पुन्हा केलं.

महिला फुटबॉलमध्ये?

फ्रान्सच्या ल्योंच्या महिला संघाने ते अनेकदा केलं आहे. २०२१ मध्ये बार्सिलोनाच्या महिलांनी केलं, आणि पुरुष व महिला दोन्ही संघांचं ट्रेबल असलेला तो पहिला क्लब ठरला.

आमच्या गावच्या क्लबने या वर्षी तीन स्पर्धा जिंकल्या. फलकावर "तिहेरी मुकुट" लिहिलं तर चालेल का?

जरूर लिहा. कापणी झालेल्या शेतात गोलपोस्ट रोवून खेळणाऱ्या मुलांनी तीन स्पर्धा जिंकल्या असतील तर तो त्यांचा मुकुटच आहे. फक्त खाली तिन्ही स्पर्धांची नावं लिहा, प्रत्येकीची तारीख लिहा, अंतिम सामन्यात कुणाला हरवलं ते लिहा, एखादं विजेतेपद संयुक्त असेल तर तेही लिहा. आणि सगळ्या खेळाडूंची नावं लिहा, एकही मिनिट न खेळलेल्या राखीव गोलरक्षकासकट. जुन्या क्लबांच्या कितीतरी फोटोंत आज मागच्या रांगेत कोण उभं आहे हे सांगायला कुणी उरलेलं नाही.